रस्ता क्षमा करू शकतो का? वेगाच्या कॅमेऱ्यापलीकडचा इतिहास

१/
१९५३ साली मॉरिट्स गाट्सोनिडेस या डच शर्यतपटूने माँटे कार्लो रॅली जिंकली. वळण घेताना आपले क्षण कुठे वाया जातात हे कळावे, म्हणून त्याने वेग मोजणारे एक यंत्र बनवले होते. तेच वळण पुढच्या वेळी अधिक वेगाने घेता यावे, एवढाच त्याचा हेतू होता. १९५८ मध्ये त्याने या यंत्रांची कंपनी काढली. आज जगभरच्या रस्त्यांवर वाहनचालकांना वेग कमी करायला लावणारे कॅमेरे याच यंत्राचे वंशज आहेत.

२/
धोकादायक रस्ता म्हटला की आज पहिली मागणी होते ती कॅमेऱ्याची. कॅमेरा निरुपयोगी नाही. त्याच्या टापूत वेग उतरतो आणि काही जीव वाचतात. परंतु कॅमेरा फक्त चालकाकडे पाहतो. त्याच रस्त्यावरचा तुटका कठडा, दुभाजकातली फट किंवा अंधारात उभा राहिलेला ट्रक त्याच्या हिशेबात येत नाही. रस्त्यावरच्या मृत्यूला जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत कसे बदलत गेले, त्याचा हा इतिहास. (थ्रेड)

३/
१७ ऑगस्ट १८९६. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात मोटारीचे प्रात्यक्षिक चालू होते. ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ब्रिटनमधील ही पहिली नोंद मानली जाते. चौकशीअंती ज्यूरीने ‘अपघाती मृत्यू’ असा निर्वाळा दिला आणि प्रकरण मिटले. दोष कोणाचाच नव्हता. मोटार नवी होती, लोकांना तिची सवय नव्हती, इतकेच.

४/
पंचवीस वर्षांनी हा निर्वाळा पुरेनासा झाला. अमेरिकेतील शहरांत मोटारींखाली हजारो माणसे मरू लागली, त्यांत मुलांचे प्रमाण मोठे होते. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२,००० हून अधिक नागरिकांनी एका मागणीवर सह्या केल्या. शहरातील प्रत्येक मोटारीत असे यंत्र बसवावे की ती ताशी २५ मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरपलीकडे जाऊच शकणार नाही, अशी ती मागणी होती. वेगावर पाळत ठेवण्याऐवजी वेगच यंत्रात बांधून टाकण्याची ही कल्पना होती.

५/
मोटार विक्रेते आणि उत्पादक एकवटले. त्यांनी जोरदार प्रचार केला आणि नोव्हेंबर १९२३ च्या मतदानात प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. या घटनेने मोटार उद्योगाला एक धडा मिळाला. चर्चा मोटारीच्या वेगावर राहिली तर मोटारीवर बंधने येतील. म्हणून चर्चेचा रोख माणसाच्या वागण्याकडे वळणे त्याच्या सोयीचे होते.

६/
तो वळलाही. कुठूनही रस्ता ओलांडणाऱ्यासाठी ‘जेवॉकर’ हा हेटाळणीचा शब्द रूढ करण्यात आला. त्यात ‘जे’ म्हणजे शहरात येऊन गोंधळणारा गावंढळ. १९२५ च्या लॉस एंजेलिसच्या वाहतूक नियमांनी पादचाऱ्याला ठरावीक जागीच रस्ता ओलांडण्याचे बंधन घातले. हजारो वर्षे सर्वांचा असलेला रस्ता मोटारीचा झाला आणि त्यावर मेलेला माणूस आपल्याच मृत्यूचा अर्धा गुन्हेगार ठरला. उरलेला अर्धा दोष बेफिकीर चालकाच्या नावे जमा झाला. रस्ता बांधणारा आणि मोटार बनवणारा मात्र दोघेही निर्दोष सुटले.

७/
या हिशेबाला पहिला तडा एका वैमानिकाने दिला. पहिल्या महायुद्धात ह्यू डीहेवन हा तरुण विमानाचे प्रशिक्षण घेत असताना हवेत दोन विमानांची टक्कर झाली. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला. त्याच अपघातातले इतर मेले आणि आपण का जगलो, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही. नशीब हे उत्तर त्याला मान्य नव्हते.

८/
१९४२ मध्ये डीहेवनने एक विलक्षण अभ्यास प्रसिद्ध केला. ५० ते १५० फूट उंचीवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांची प्रकरणे त्याने तपासली होती. निष्कर्ष साधा होता. माणूस कशावर पडला, ती वस्तू किती दबली आणि धक्का शरीराच्या किती भागावर विभागला गेला, यावर जीवनमरण ठरते. पडण्यामागचे कारण काहीही असो, पडल्यानंतर काय घडावे हे मात्र आधीच रचून ठेवता येते.

९/
हे सूत्र विल्यम हॅडन या डॉक्टरने रस्त्यावर आणले. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकाची दृष्टी त्याच्याकडे होती. मलेरिया पसरला तर डॉक्टर रोग्याच्या निष्काळजीपणावर व्याख्यान देत बसत नाही. तो डबकी बुजवतो, जाळ्या लावतो, औषध देतो. हॅडनच्या मांडणीत अपघातातला घातक घटक होता ऊर्जा. शरीराला सोसवेल त्याहून अधिक ऊर्जा त्याच्यापर्यंत पोहोचू न देणे, हेच काम.

१०/
त्यासाठी हॅडनने एक तक्ता मांडला. एका बाजूला तीन काळ: अपघातापूर्वी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर. दुसऱ्या बाजूला माणूस, वाहन आणि परिसर. या तक्त्यात वेगाचा कॅमेरा बसवून पाहिला तर तो एकाच चौकटीत मावतो: अपघातापूर्वी, माणूस. बाकीच्या चौकटींत सीटबेल्ट, कठडा, दिवे, रुग्णवाहिका, जवळचे रुग्णालय अशा कितीतरी गोष्टी बसतात. कॅमेऱ्यावरच थांबणारे धोरण या सगळ्या चौकटी रिकाम्या ठेवते.

११/
१९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे मोटारींच्या सदोष रचनेवरचे पुस्तक गाजले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने वाहनसुरक्षेचा कायदा केला आणि नव्या राष्ट्रीय यंत्रणेचे पहिले प्रमुख म्हणून हॅडन यांची नेमणूक झाली. मोटार आता तक्त्यात आली. रस्ता मात्र अजून बाहेरच होता. तो आत आणण्याचे काम युरोपातील दोन लहान देशांनी केले.

१२/
पहिला देश नेदरलँड्स. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. फिक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी शाळेच्या वाटेवर गेली होती. त्याने वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखाचा मथळा पुढे चळवळीचे नाव झाला: ‘मुलांची हत्या थांबवा’. ‘अपघात’ हा शब्द टाळून ‘हत्या’ हा शब्द निवडणे हेच त्या चळवळीचे सार होते. अपघात आपोआप घडतो. हत्या म्हटली की कोणी केली, हे विचारावे लागते.

१३/
आईबाप, शेजारी, विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांनी रस्ते अडवले आणि मुलांसाठी खेळायला मोकळे केले. १९७६ मध्ये ‘वोनएर्फ’, म्हणजे वस्तीतील अंगणासारखा रस्ता, या कल्पनेला कायद्यात स्थान मिळाले. अशा रस्त्यावर मोटार पाहुणी असते. वळणे, झाडे, अरुंद जागा यांमुळे चालकाला वेग घ्यावासाच वाटत नाही. तिथे वेगमर्यादेचा फलक नसला तरी रस्ताच ती सांगतो.

१४/
दुसरा देश स्वीडन. तिथल्या कथेची सुरुवात एका विचित्र प्रयोगाने होते. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता संपूर्ण देशाने रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी बाजू धरली. गोंधळ माजेल, माणसे मरतील अशी भीती होती. घडले उलट. अपघात आणि मृत्यू कमी झाले, कारण प्रत्येक जण जिवाच्या आकांताने सावध होता.

१५/
पण साधारण दोन वर्षांत आकडे पुन्हा पूर्वपदावर आले. सवय जडली आणि सावधपणा ओसरला. सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हा मोठा पुरावा होता. भीतीने आणि शिस्तीने माणूस काही काळ बदलतो, पण सदैव दक्ष राहणे हा मानवी स्वभाव नाही. चालक थकतो, त्याचे लक्ष विचलित होते, घरची चिंता त्याच्यासोबत गाडीत बसते. चूक होणारच, हे गृहीत धरूनच रस्ता बांधायला हवा.

१६/
१९९० च्या दशकात क्लास टिंगवाल हे स्वीडनच्या रस्ते प्रशासनात सुरक्षेचे प्रमुख झाले. त्यांची बैठकही सार्वजनिक आरोग्याचीच. त्यांनी गणिताची सुरुवात मानवी शरीरापासून केली. मोटारीची धडक बसलेला पादचारी ताशी ३० किलोमीटरपर्यंत बहुधा वाचतो. चांगल्या मोटारीला बाजूने धडक बसली तर आतल्या माणसासाठी ही मर्यादा ५० च्या आसपास असते. समोरासमोरच्या धडकेत ती ७० च्या आसपास.

१७/
वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणून टिंगवाल यांच्या मांडणीचा अर्थ सरळ निघत होता. जिथे पादचारी आणि मोटारी एकत्र येतात, तिथे वेग ३० वर आणा. ताशी १०० चा वेग हवा असेल, तर समोरून येणारी वाहने एकमेकांना भिडूच शकणार नाहीत अशी आड उभी करा. यांपैकी काहीच करायचे नसेल, तर काही माणसे मरणार आहेत हे मान्य करा आणि ते निर्णयाच्या कागदावर लिहा.

१८/
९ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वीडनच्या संसदेने ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारले. रस्त्यावर कोणीही मरू नये वा कायमचा जायबंदी होऊ नये, हे त्याचे ध्येय. शून्याचा आकडा सर्वांच्या नजरेत भरला, पण खरी क्रांती जबाबदारीच्या वाटणीत होती. नियम पाळणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य राहिलेच. मात्र त्याने ते पाळले नाही आणि माणसे मरू लागली, तर पुढचे पाऊल उचलण्याची अंतिम जबाबदारी रस्ता रचणाऱ्यांवर आली.

१९/
या विचाराची परीक्षा लगेच झाली. स्वीडनमध्ये १३ मीटर रुंदीचे अनेक महामार्ग होते. दोन्ही दिशांना एकेक मार्गिका आणि कडेला रुंद पट्टे. रस्ता मोकळा दिसे, चालक मधून ओव्हरटेक करीत आणि समोरासमोर धडकत. रुंदीने दिलेला दिलासाच घात करीत होता. हे सगळे रस्ते चौपदरी करण्याइतका पैसा नव्हता.

२०/
१९९८ मध्ये येव्ले शहराच्या उत्तरेला ई-४ महामार्गाच्या एका टप्प्यावर प्रयोग झाला. रुंदी तीच ठेवली आणि रेषा नव्याने आखल्या. तीन मार्गिका केल्या: काही अंतर एका दिशेला दोन, नंतर दुसऱ्या दिशेला दोन. मधोमध खांबांवर ताणलेल्या पोलादी तारदोरांची आड घातली. ओव्हरटेक करायला आता ठरलेली जागा होती आणि समोरच्याच्या अंगावर जाण्याची वाट बंद झाली होती.

२१/
विरोध झाला. रुग्णवाहिका अडकतील, बर्फ कसा काढायचा, तारा दुचाकीस्वारांना कापतील अशा शंका घेतल्या गेल्या. त्यांतल्या काही रास्तही होत्या, आणि दुचाकीस्वारांची तक्रार आजही पूर्ण मिटलेली नाही. वाहने तारांवर आदळतही राहिली. पण तिथेच खरा फरक होता. पूर्वी जी चूक मृत्यूत संपली असती, ती आता वाकलेल्या खांबावर आणि चेपलेल्या पत्र्यावर भागू लागली. अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे ७५ ते ८० टक्क्यांनी घटले.

२२/
स्वीडनने कॅमेरे टाकून दिले नाहीत. उलट ग्रामीण महामार्गांवर ते मोठ्या संख्येने बसवले. मात्र त्यांना तिथे ‘वाहतूक सुरक्षा कॅमेरा’ म्हणतात आणि त्यांच्या आधी स्पष्ट फलक असतो. चालकाला पकडण्यापेक्षा त्याने त्या टप्प्यात वेग उतरवावा हा उद्देश. आड, गोल चौक, वेगमर्यादेची फेररचना, सुरक्षित मोटारी या मोठ्या कुटुंबातला कॅमेरा हा एक सदस्य आहे, कर्ता पुरुष नाही.

२३/
१९६० च्या दशकाच्या मध्यावर स्वीडनमध्ये वर्षाला सुमारे १,३०० माणसे रस्त्यांवर मरत. १९९७ मध्ये ही संख्या ५४१ होती. अलीकडच्या वर्षांत ती दोनशेच्या थोडी वर असते, आणि या काळात वाहने कित्येक पटींनी वाढली आहेत. शून्य अजून दूर आहे. तरीही तिथे आज जगणाऱ्या हजारो माणसांना आपण कोणत्या तारेमुळे वाचलो, हे ठाऊकही नसेल.

२४/
आता महाराष्ट्र. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. सुमारे ९४.५ किलोमीटर, सहा मार्गिका, काँक्रीटचा पृष्ठभाग. देशातील आधुनिक रस्त्याचा हा आदर्श मानला गेला. पण त्याचे टप्पे खुले होत असतानाच, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, वाईहून मुंबईला परतणाऱ्या भक्ती बर्वे यांचा भाताण बोगद्याजवळ अपघाती मृत्यू झाला. मराठी रंगभूमीची ‘फुलराणी’ या नव्या रस्त्याने हिरावून घेतली.

२५/
डिसेंबर २०१२ मध्ये याच मार्गावर अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, आणि पेंडसे यांचा चिमुकला मुलगाही. विरुद्ध दिशेचे जड वाहन दुभाजक ओलांडून त्यांच्या मोटारीवर आले होते. येव्लेजवळच्या तारदोरांनी जी वाट बंद केली होती, तीच इथे उघडी राहिली होती. पुढच्या काही वर्षांत द्रुतगती मार्गाच्या दुभाजकातही तारदोरांची आड बसवण्यात आली.

२६/
अशा मृत्यूनंतर महाराष्ट्रात दोन मजकूर ठरलेले असतात. वृत्तपत्र लिहिते: काळाचा घाला. पोलिसांच्या फिर्यादीत येते: हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने वाहन चालवून. पहिला मजकूर दोष नियतीला देतो, दुसरा चालकाला. रस्ता दोन्हीकडून निसटतो. चालक कित्येकदा स्वतःच मेलेला असतो. मग आरोपीच्या मृत्यूने तपास संपतो आणि वळण पुढच्या वाहनाची वाट पाहत तसेच राहते.

२७/
याच कागदांतून देशाची आकडेवारी उभी राहते. २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. नियमभंगाच्या वर्गीकरणात त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. वेग घातक आहे यात शंका नाही. पण जिथे नोंदच चालकाच्या दोषापासून सुरू होते, तिथे उत्तरही कॅमेरा आणि दंड यांपाशीच थांबते. दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन यांनी रस्त्यांची रचना आणि पादचाऱ्यांची सुरक्षा यांकडे अनेक दशके लक्ष वेधले, ते यासाठीच.

२८/
वेगळा मार्ग इथेही चालून पाहिला गेला. २०१६ मध्ये द्रुतगती मार्गावर ‘शून्य मृत्यू मार्ग’ हा उपक्रम सुरू झाला. रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था त्यात एकत्र होती. प्रत्येक अपघाताची जागेवर जाऊन चिकित्सा झाली. कडेचे उघडे काँक्रीट झाकणे, दुभाजकातल्या फटी बुजवणे, कठड्यांची टोके सुरक्षित करणे, बंद पडलेली वाहने लवकर हलवणे, जखमींना त्वरेने रुग्णालयात नेणे, अशी कामे हाती घेतली. हॅडनच्या तक्त्यातील रिकाम्या चौकटी भरू लागल्या.

२९/
२०१६ मध्ये या मार्गावर १५१ माणसे मेली होती. २०१९ मध्ये ही संख्या ९२ झाली. हे शून्य नव्हे, आणि ९२ घरांत त्या वर्षी दिवे विझले. तरी चालक तेच, वाहने तीच, घाटही तोच असताना एवढा फरक पडला. पुढे २०२४ मध्ये कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा कार्यान्वित झाली, तेव्हा दंडाच्या पावत्यांचीच चर्चा अधिक झाली. बुजवलेल्या फटीची बातमी होत नाही. तिच्यामुळे न घडलेल्या अपघाताची तर नाहीच नाही.

३०/
कायदाही आता थोडा वळला आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल करणाऱ्याने सुरक्षेची विहित मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर त्याला दंड होऊ शकतो. दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये. एका जिवाच्या मानाने ही रक्कम किती, हे वेगळे सांगायला नको. तरीही ‘दोषी कोण’ या रकान्यात रस्ता बांधणाऱ्याचे नाव लिहिण्याची सोय त्यामुळे झाली.

३१/
१८९६ मध्ये उत्तर होते: कोणीच नाही. १९२५ मध्ये होते: पादचारी आणि चालक. १९९७ मध्ये स्वीडनने सांगितले: अखेरीस, रस्ता रचणारे. महाराष्ट्रातल्या धोकादायक वळणावर कॅमेऱ्याची मागणी जरूर व्हावी. त्याच अर्जात आणखी तीन प्रश्न असावेत. इथे चूक झाली तर वाहन कशावर आदळेल? समोरून येणाऱ्यापासून त्याला कोण अडवेल? आणि या रस्त्याची सुरक्षा तपासणी शेवटची कधी झाली, तिच्या अहवालावर सही कोणाची आहे?

३२/
बोरघाटातून जाताना आजही कित्येक जण शिंगरोबाला हात जोडतात. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे हे स्मरण शतकाहून अधिक काळ टिकले आहे. श्रद्धा आपल्या जागी असू द्यावी. पण चुकलेल्या चालकाला घरी परत पाठवण्याचे काम मात्र घाटातल्या त्या कठड्याचे, आणि तो वेळेवर बसवणाऱ्या माणसांचे आहे. (समाप्त)